सोबतीची गती

सायकलस्वारांच्या गटात कोणी पडले, कॉलरबोन मोडले, गुडघा फुटला, तर काय करायचे ते सगळ्यांना ठाऊक असते. प्लास्टर डोळ्यांना दिसते, ते कधी निघणार तेही कळते, आणि तोवर त्या माणसाला कोणी सायकलवर बसायला सांगत नाही. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली, तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला आणि माणूस अतिदक्षता विभागातून वाचून घरी आला, तर मात्र गट गोंधळतो. थोड्याच दिवसांत तो चालता-फिरता दिसू लागतो. अंगावर पट्टी नाही, टाके नाहीत, चेहराही पूर्वीसारखाच. मग आपण नेहमीच्या शब्दांत धीर देऊ लागतो: लवकर बरा हो, पुढच्या महिन्यात दोनशेची बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) आहे, तुझ्याशिवाय मजा येत नाही. गटाच्या राइड आखण्याच्या आणि लोकांना सोबत नेण्याच्या कामात राहून माझे एक मत पक्के झाले आहे. या आजारातून उठणाऱ्या सोबत्याच्या मनावर परत येण्याची जी घाई बसलेली असते ती उतरवणे, हीच आपल्या हातातली सर्वांत मोठी मदत. आणि ती घाई गोड शब्दांनी उतरत नाही. त्यासाठी गटाला आपली चाल आणि आपली मोजमापे बदलावी लागतात.

या मताला आधार आहे तो गुठळीच्या स्वभावाचा. रुडॉल्फ फिर्शो या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पायातली गुठळी आणि फुप्फुसात सापडणारी गुठळी यांचा संबंध दाखवून दिला. गुठळी होण्याची जी तीन कारणे आज वैद्यकाचे विद्यार्थी शिकतात ती त्याच्याच नावाने ओळखली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. त्याचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. सायकल चालवताना पोटरीचे स्नायू रक्त सतत वर ढकलत असतात, म्हणून हा आजार खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा, आपला नव्हे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पण ही तिन्ही कारणे सायकलस्वाराच्या आयुष्यातही येतात. पडल्यावर पाय आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये राहतो. पुण्याहून गोव्यापर्यंतची राइड संपते आणि घाम गेलेल्या, पाणी कमी पडलेल्या अंगाने माणूस त्याच दिवशी गाडीच्या मागच्या सीटवर पाय दुमडून परतीला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो धोका लहान, सुमारे सहा हजारांत एक. पण त्यात ताजी दुखापत, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भनिरोधक गोळ्या किंवा घराण्यातला गुठळीचा इतिहास मिसळला की तो लहान राहत नाही. तेव्हा हा आजार झालेल्या माणसाने तब्येतीची हेळसांड केली असेल असे मानणे अन्यायाचे आहे. ही गोष्ट गटात मोठ्याने बोलली गेली पाहिजे, कारण असा माणूस बहुधा स्वतःलाच दोष देत बसलेला असतो.

तगड्या माणसात हा आजार ओळखायलाही उशीर होतो. पोटरी दुखली की सायकलस्वार म्हणतो, गोळा आला असेल, नाहीतर स्नायू ताणला असेल. चढावर दम लागला की म्हणतो, सराव कमी पडला. तपासणाऱ्यालाही चकवा बसू शकतो. फुप्फुसातल्या गुठळीचा संशय किती घ्यावा हे ठरवताना डॉक्टर जे वेल्स गुणांकन वापरतात, त्यात नाडी मिनिटाला १०० च्या वर असणे हे एक लक्षण धरलेले आहे. वर्षानुवर्षे सायकल चालवणाऱ्याची विश्रांतीतली नाडी ४८-५० असू शकते. ती ९० वर गेली तर त्याच्या शरीरासाठी तो जवळजवळ दुप्पट वेग झाला, पण गुणांकनात तो आकडा मोजलाच जात नाही. सोबत्याचा पहिला उपयोग इथेच आहे. आपल्या गटातल्या लोकांचे घड्याळातले आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. दवाखान्यात सोबत जाऊन "याची एरवीची नाडी पन्नासच्या आत असते, आणि सुजलाय तो एकच पाय" एवढी दोन वाक्ये सांगणारा माणूस मोठे काम करतो. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०११ मध्ये फुप्फुसात गुठळ्या झाल्या होत्या. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर लगेच तिला पुन्हा दम लागू लागला, तेव्हा तिने स्वतःहून सीटी स्कॅन आणि हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध मागितले. आधी तिच्या पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडले नाही. मग सीटी झाला आणि फुप्फुसातल्या गुठळ्या दिसल्या. हे सगळे तिने नंतर जाहीरपणे सांगितले आहे. इतक्या नामवंत खेळाडूलाही आपले म्हणणे लावून धरावे लागले. रात्री उशिरा एकट्याने दवाखाना गाठणाऱ्या आपल्या सोबत्याचे काय होत असेल याचा विचार यावरून करावा.

निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या, की घरच्यांना आणि गटाला संकट टळल्यासारखे वाटते. अर्धी समजूत खरी आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या झालेली गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू नये, नवी होऊ नये, इतके त्या पाहतात. जुनी गुठळी शरीरच हळूहळू शोषून घेते, आणि त्याला आठवडे, महिने लागतात. म्हणूनच उपचार किमान तीन महिने चालतो, आणि गुठळी कशामुळे झाली ते कळले नाही तर बराच लांबतो, कधी कायमचाही होतो. पायात गुठळी झालेल्यांपैकी २० ते ५० टक्के लोकांना पुढे पाय जड होणे, सुजणे, ठणकणे असा त्रास राहतो. फुप्फुसात गुठळी झालेल्यांपैकी शंभरात दोन-चार जणांच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढलेला राहतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फुप्फुसातल्या गुठळीनंतर एक वर्ष उलटल्यावरही जवळजवळ निम्म्या रुग्णांची व्यायामाची क्षमता अपेक्षेपेक्षा कमी भरली, आणि त्याचे मोठे कारण फुप्फुसातले उरलेले व्यंग नसून हालचाल सुटल्यामुळे ढासळलेली ताकद हे होते. हा निष्कर्ष आपल्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी भिडतो. एकीकडे तो सांगतो की वर्षभर दम लागणे हे आळसाचे लक्षण मानू नका. दुसरीकडे तो सांगतो की माणसाला घरी बसवून ठेवणे हा उपाय नाही. पायात गुठळी झालेल्याला पूर्वी सक्त पडून राहायला सांगत. आता उपचार सुरू होऊन प्रकृती स्थिर झाली की लवकर चालायला लावतात. म्हणजे हालचाल हवी, पण तिची चढण फार सौम्य हवी, आणि ती किती हे डॉक्टरांनी ठरवायचे. गटाचा प्रश्न उरतो तो इतकाच, की त्या सौम्य चढणीवर त्याच्याबरोबर कोण असेल.

आणि इथे आपली मोजमापे आडवी येतात. आपल्या जगात माणसाची ओळख आकड्यांत सांगितली जाते: सरासरी किती, सिंहगड किती मिनिटांत, वर्षाचे किलोमीटर किती. बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ६०० ला ४०; या वेळेत आला तो पूर्ण, बाकीचा अपूर्ण. स्पर्धेला आणि परीक्षेला हे ठीकच आहे, त्यातला आनंद मला मान्य आहे. पण बरे होणाऱ्या माणसाच्या हातात दुसरी मोजपट्टी नसते. तो राइडची नोंद ठेवणारे स्ट्राव्हा अॅप उघडतो, तिथे त्याच चढावरचा त्याचा गेल्या वर्षीचा वेळ असतो आणि सोबत्यांचे कालचे वेळ असतात. गटाच्या संदेशांत पुढच्या राइडची तयारी चाललेली असते. त्याला कोणी वाईट बोलत नाही, तरी तो रोज मागे पडत असतो. अशा वेळी "लवकर परत ये" हे प्रेमाने म्हटलेले वाक्यही त्याच्या कानांवर मुदत म्हणून पडते. मग तो घाई करतो. गोळ्या घेऊन सहाव्या आठवड्यात बोपदेव घाट चढायला जातो, दम कोंडल्यावरही थांबत नाही, आणि थांबला तर कोणाला सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो घेणारे प्रामाणिक असतात. ते म्हणतात, सायकलस्वार जिद्दीवर जगतो. जिद्दीने किती तरी खेळाडू या आजारातून परत आले. तुम्ही त्याची जिद्दच काढून घेताय. या आक्षेपाचे उत्तर दोन खेळाडूंच्या कहाण्या शेजारी ठेवल्या की मिळते. सेरेना २०११ च्या सुरुवातीला आजारी पडली, जूनमध्ये कोर्टवर परतली, सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत खेळली आणि पुढच्या वर्षी विम्बल्डन जिंकली. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू ख्रिस बॉश याला २०१५ च्या फेब्रुवारीत फुप्फुसात गुठळ्या झाल्या. तोही पुढच्या हंगामात परतला, उत्तम खेळला, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत पुन्हा गुठळी आढळली. त्याला खेळायचे होते, तो तयारी करत राहिला, पण एनबीएमध्ये त्यानंतर तो एकही सामना खेळू शकला नाही. या दोघांपैकी कोणाची जिद्द कमी होती असे म्हणण्याची हिंमत मी करणार नाही. फरक पडला तो शरीराच्या आणि रक्ताच्या गुणधर्मांनी. जिद्द औषधाच्या वेळा पाळायला, रोज ठरलेले चालायला, कंटाळवाणे महिने काढायला लागते, आणि तिथे ती खर्च व्हावी. गुठळी विरण्याचा वेग तिच्या हातात नाही. परत आलेल्या खेळाडूंच्या कहाण्या आपण आवडीने सांगतो. त्याच कहाण्या आजारी माणसाला सांगताना बॉशचीही सांगितली पाहिजे, नाहीतर न परतणे हा त्याला स्वतःचा पराभव वाटेल.

मग सोबत म्हणजे प्रत्यक्षात काय? त्याच्यासाठी म्हणून वेगळी, दयेची राइड काढू नये. गटाच्या नियमित वेळापत्रकातच एक लहान, सपाट, कमी रहदारीचा मार्ग कायमचा असावा. तिथे मागे कोणी सुटत नाही हा नियम असावा आणि दम लागला की थांबण्यासाठी कारण द्यावे लागू नये. तो सायकलवर बसू शकत नसेल तेव्हाही त्याला गटात काम असावे: मार्गाची पाहणी, बीआरएमच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, कार्डांवर शिक्के मारणे, नवख्यांच्या सायकली तपासणे. ज्याला काम असते तो आजारी पाहुणा राहत नाही. पण सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते आपल्या रोजच्या सवयींकडे, कारण रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असताना त्यांतल्या बऱ्याच धोक्याच्या ठरतात. राइडनंतर अंग दुखले की खिशातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक पुढे करणारे हात आपल्याकडे खूप आहेत. ही औषधे त्या गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक द्यायचे नाही. पोटरी दुखतेय म्हणून तेल लावून रगडून मालिश करणे हाही आपला आवडता उपाय. ताज्या गुठळीवर तसे केले तर ती सुटून वर सरकण्याची भीती असते. पहाटे रिकाम्या पोटी निघणे आपल्याला भूषणाचे वाटते, पण रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी रिव्हारोक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, उपाशीपोटी ती पुरेशी शोषली जात नाही. मग त्याच्या नाश्त्याच्या वेळेवर राइड निघाली तर काय बिघडते? त्याऐवजी वॉरफरिन चालू असेल तर मेथी-पालक बंद करायची नसते, रोजच्या खाण्यात त्यांचे प्रमाण स्थिर ठेवायचे असते आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी चुकवायची नसते. तपासणीला सोबत जाणे हे घाटात ढकलून नेण्याइतकेच मैत्रीचे काम आहे. आणि पडण्याचा प्रश्न. या गोळ्यांवर असलेला माणूस डोक्यावर पडला तर तो उठून हसला, बोलला, तरी त्याला थेट रुग्णालयात न्यायचे, कारण मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही कळू शकतो. त्याच्या जर्सीच्या खिशात गोळीचे नाव, मात्रा आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि ती आहे हे सोबतच्या दोघा-तिघांना माहीत असावे, म्हणजे १०८ ची रुग्णवाहिका आल्यावर शोधाशोध होत नाही. पावसाळ्यात, शेवाळलेल्या रस्त्यांवर, गटात चाकाला चाक लावून त्याने जाऊच नये. घरात ट्रेनरवर सायकल लावून चालवायची सोय त्या महिन्यांसाठी कोणाकडून तरी उसनी मिळाली तर तिच्यासारखी भेट नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आम्ही डॉक्टर नाही, आणि तो सज्ञान माणूस आहे. त्याला चालवायचे असेल तर अडवणारे आम्ही कोण? यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. गोळी कोणती, किती दिवस, घाट कधी, लेहला जावे की नाही, हे गटाने सांगायचे नाही. इंटरनेटवरून वाचून उपचार सुचवणारा सोबती अपाय करतो. पण दुसऱ्या भागात एक गफलत आहे. आपण तटस्थ असतो असे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि गट कधीच तटस्थ नसतो. आपला वेग, आपली थट्टा, आपले आकडे हे सगळे त्याच्या निर्णयावर आधीच वजन टाकत असतात. ते वजन कमी करणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे. उलट मग त्याचा निर्णय अधिक त्याचा होतो. शिवाय लांब पल्ल्याच्या सायकलिंगने ही गोष्ट फार पूर्वी स्वीकारलेली आहे. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची रॅम ही शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. तशा शर्यतीत मागच्या गाडीतला चमू स्वाराला केव्हा झोपायचे, केव्हा खायचे, केव्हा वेग कमी करायचा हे सांगत असतो, आणि थकलेला स्वार ते ऐकतो, कारण थकव्यात स्वतःचा अंदाज चुकतो हे त्याला ठाऊक असते. बीआरएमसारख्या स्वावलंबनाचा आग्रह धरणाऱ्या प्रकारातही, जिथे मागे खासगी गाडी चालत नाही, तिथे वाटेतल्या दुसऱ्या स्वाराला मदत करायला कोणाची मनाई नाही. गुठळीतून उठलेला माणूस महिनोन्महिने अशा थकव्यात असतो. त्याने आधी स्वतःच ठरवलेली मर्यादा त्या क्षणी त्याला आठवून देणे, एवढाच अधिकार सोबत्याने घ्यावा.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तो असतो: एकासाठी सगळ्यांनी हळू जायचे का? लोक आठवडाभर कामे करून रविवारी पहाटे उठतात ते जोरात चालवण्यासाठी. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याग करा असे म्हणून तो सुटणार नाही. सगळ्यांनी दर रविवारी हळू जाण्याची गरज नाही. पाळीपाळीने दोघांनी गेले तरी पुरे. पण त्या पाळीत चांगले चालवणाऱ्यांनी आले पाहिजे. हळू राइड ही फक्त नवख्यांची आणि वयस्करांची असे ठरून गेले की तिथे जाणे म्हणजे खाली उतरवले जाणे होते, आणि मग आपला सोबती तिथे यायचेच टाळतो. लहान मार्गाचा फायदा त्याच्यापुरता उरत नाही हेही दिसते. बाळंतपणानंतर परतणाऱ्या बाया, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, कोविडनंतर दम गेलेले, असे कित्येक जण गटातून न बोलता गळालेले असतात. त्यांच्यापैकी काही जण त्या मार्गावर परत दिसू लागतात.

भीतीबद्दल मात्र आपण सर्वांत कमी बोलतो. फुप्फुसातली गुठळी अनुभवलेल्या माणसाला प्रत्येक धाप पुन्हा तेच होतेय असे वाटायला लावते, आणि व्यायामात धाप तर लागतेच. ती भीती निराधार नाही, म्हणून "काही होत नाही" असे म्हणून ती उडवू नये. सोबत्याने लक्षणे नीट माहीत करून घ्यावीत: एकाच पायाची सूज, पोटरीत न जाणारे दुखणे, तिथली कातडी गरम वा लाल होणे, अचानक लागलेला दम, श्वास घेताना छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त, भोवळ. यांतले काही दिसले तर राइड तिथेच थांबते आणि दवाखाना गाठला जातो, घड्याळ कोणी बघत नाही, असे आधीच ठरलेले असेल तर त्या माणसाचे निम्मे ओझे उतरते. हे गटात आधी बोलून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

येत्या रविवारच्या राइडचा संदेश तुम्ही लिहाल तेव्हा मोठ्या मार्गाखाली वीस किलोमीटरच्या सपाट मार्गाचीही वेळ आणि जागा लिहा. त्या मार्गावर सोबत कोण जाणार त्याचे नाव लिहा, आणि ते नाव तुमच्या गटातल्या सर्वांत वेगवान माणसाचे असू द्या.